मूळ राखावे, फळ वाटावे

मोरोक्कोतील फेज शहरात बू इनानिया नावाचा मदरसा आहे. मरिनी घराण्यातील सुलतान अबू इनान याने तो १३५० ते १३५५ या काळात बांधवून घेतला. तिथे एक आख्यायिका सांगतात. बांधकामाच्या खर्चाची वही सुलतानापुढे ठेवली, तेव्हा सुंदर वस्तूची किंमत विचारायची नसते असे म्हणून त्याने ती वही पाण्यात फेकून दिली. आख्यायिकेत तथ्य असो वा नसो, त्याच वास्तूच्या भिंतीत एक संगमरवरी शिलालेख बसवलेला आहे आणि त्यात हिशेबाचीच बाब कोरलेली आहे. या मदरशाचा खर्च चालावा म्हणून सुलतानाने शहरातल्या कोणकोणत्या मिळकती कायमच्या लावून दिल्या, त्यांची ती यादी आहे. बांधकामाला किती पैसे लागले, हे राजाने विसरायचे ठरवले असेल. पण शिकवणाऱ्याचा पगार आणि शिकणाऱ्याची भाकरी कुठून यायची, हे त्याने अशा ठिकाणी लिहून ठेवले की वाचता येणाऱ्या कोणालाही भिंतीसमोर उभे राहून ते पडताळून पाहता यावे.

मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. संस्थेच्या वार्षिक हिशेबाशी आणि देणग्यांच्या नोंदींशी माझा अनेक वर्षे संबंध आला आहे. वक्फ हा शब्द आपल्याकडे सध्या जमिनीच्या वादाच्या बातमीतच ऐकू येतो, आणि एंडोमेंट हा शब्द अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाला मिळालेल्या डोळे दिपवणाऱ्या देणगीच्या बातमीत. ज्ञानाच्या कामाला कायमचा पैसा कसा लावून द्यायचा, या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही उत्तरांना शेकडो वर्षांच्या अनुभवाचा आधार आहे. आपल्या महाविद्यालयांची आणि विद्यापीठांची आजची अवस्था पाहता हा अनुभव आपण बारकाईने वाचायला हवा, असे मला मनापासून वाटते.

वक्फच्या मुळाशी अरबस्तानातील खैबरच्या जमिनीची कथा आहे. पैगंबरांचे सहकारी उमर यांना खैबर येथे उत्तम जमीन मिळाली आणि तिचे काय करावे असे त्यांनी पैगंबरांना विचारले. मूळ राखून ठेवावे आणि उत्पन्न दान करावे, असा सल्ला त्यांना मिळाला. मग ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही आणि वारसांत वाटायची नाही, असे ठरले. पुढे शतकानुशतके विधिज्ञांनी याच सूत्राभोवती मोठे शास्त्र उभे केले. दाता वक्फनामा लिहितो. त्यात मिळकत कोणती, तिचे उत्पन्न कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर, हे नमूद करतो. देखभालीसाठी मुतवल्ली नेमतो, आणि मुतवल्ली चुकला तर काजी त्याला जाब विचारतो. एकदा वक्फ झालेली मिळकत दात्यालाही परत घेता येत नाही, असेच बहुतेक विधिज्ञांचे मत पडले.

मदरसे या पायावर उभे राहिले. सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क याने बगदादमध्ये स्थापन केलेला निजामिया मदरसा १०६७ मध्ये सुरू झाला, आणि १०९१ ते १०९५ या काळात अल-गझाली तिथे मुख्य अध्यापक होते. त्याच शहरात १२३४ मध्ये खलिफा अल-मुस्तन्सिर याने उघडलेल्या मुस्तन्सिरिया मदरशात सुन्नी कायद्याच्या चारही परंपरा एका छपराखाली शिकवल्या जात, आणि विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचा भार वक्फवर असे. फेजमधील कराविय्यीन मशिदीची स्थापना ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने वारसाहक्काने मिळालेल्या पैशातून केली, असे परंपरा सांगते. पुढच्या शतकांत या मशिदीभोवती वक्फांची एवढी दाट वस्ती झाली की तिथल्या मदरशांत राहणाऱ्या विद्यार्थ्याला रोजची एक भाकरी वक्फच्या उत्पन्नातून मिळत असे, आणि ही प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. खेड्यातून आलेल्या मुलाला ती एक भाकरी म्हणजे काय होते, हे ज्यांनी आपल्याकडची वसतिगृहे आणि माधुकरीवर शिकलेल्या माणसांच्या आठवणी जवळून पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

आता इंग्लंडकडे वळू. वॉल्टर डी मर्टन हा इंग्लंडचा चॅन्सेलर होता. त्याने १२६४ मध्ये सरे परगण्यातील माल्डन आणि फार्ले ही आपली गावे एका विद्यार्थिगृहाला लावून दिली. त्यांच्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांनी शिकावे, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या भाच्यांना प्राधान्य असावे, अशी व्यवस्था होती. १२७४ च्या अंतिम नियमावलीने संस्था ऑक्सफर्डमध्ये स्थिर झाली, आणि तेच आजचे मर्टन कॉलेज. तिथल्या सर्वांत जुन्या चौकात एक कोठार आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या कोठाराला उतरते दगडी छप्पर घातले, कारण आतले दस्तऐवज आगीत सापडू नयेत. फेजमध्ये मिळकतींची यादी भिंतीवर सर्वांसमोर होती, आणि इथे खरेदीखते, सनदा आणि गावांचे हिशेब दगडाखाली कुलूपबंद. दोन्हीकडची चिंता मात्र एकच होती. लिहिलेले नष्ट झाले की उत्पन्न गेले, आणि उत्पन्न गेले की शिकवणे थांबले.

मर्टनची सुरुवातीची नियमावली वक्फनाम्याशी इतकी मिळतीजुळती आहे की काही अभ्यासकांनी तिच्यावर थेट इस्लामी कायद्याचा प्रभाव असल्याचा युक्तिवाद केला आहे. मिळकत कायमची बांधलेली, उत्पन्न ठरावीक लाभार्थींना, नातलगांना आधी स्थान, आणि दात्याच्या शब्दाला कायद्याचे वजन. धर्मयुद्धांच्या निमित्ताने पूर्वेकडे ये-जा करणारे टेंपलर सरदार आणि फ्रान्सिस्कन साधू यांच्यामार्फत ही कल्पना पश्चिमेकडे आली असावी, असा त्यांचा तर्क आहे. इतर अभ्यासकांना रोमन आणि चर्चच्या कायद्यातच तिचे मूळ सापडते, आणि वाद मिटलेला नाही. कोणी कोणाकडून घेतले हे ठरवण्यापेक्षा पुढे काय झाले हे पाहणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण एवढ्या सारख्या आरंभानंतर दोन्ही वाटा फार वेगळ्या ठिकाणी गेल्या.

फरक पडला तो मिळकत कोणाच्या नावावर आहे या मुद्द्यावर. मर्टनची गावे कॉलेजच्या नावावर होती, आणि कॉलेज म्हणजे तिथे राहणारे, शिकणारे आणि शिकवणारे सदस्य. ते आपला कारभार आपण पाहत, जमीन खरेदी करत, दावे लढवत आणि रिकाम्या जागी नवे सदस्य निवडत. माणसे बदलत गेली तरी कायद्याच्या दृष्टीने संस्था तीच राहिली. शास्त्रीय इस्लामी कायद्यात अशा निगमाला स्थान नव्हते. वक्फची मिळकत होती, मुतवल्ली होता, लाभार्थी होते, पण अध्यापक आणि विद्यार्थी मिळून एक कायदेशीर व्यक्ती होत नव्हते. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी या मुद्द्यावर बरेच लिहिले आहे. वक्फच्या रचनेत दात्याचा शब्द गोठून राहिला आणि बदलत्या काळाशी जुळवून घेण्याची ताकद तिच्यात कमी पडली, असे त्यांचे म्हणणे आहे. मला हे म्हणणे बऱ्याच अंशी पटते, पण पूर्ण नाही. काजीच्या परवानगीने नापीक झालेली मिळकत बदलून दुसरी घेण्याची सोय वक्फमध्ये होती. आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली विश्वस्तांना जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्याच जातीची ही सोय होय. ऑटोमन काळात तर रोख रकमेचा वक्फ करण्याची पद्धत रूढ झाली. ती रक्कम कर्जाऊ देऊन तिच्या परताव्यावर शाळा आणि मशिदी चालत. हा प्रकार व्याजाच्या निषेधात बसतो की नाही, यावर सोळाव्या शतकात मोठा वाद झाला. धर्मपंडित बिरगिवी यांनी कडाडून विरोध केला, तर शेख-उल-इस्लाम, म्हणजे साम्राज्याचे प्रमुख मुफ्ती, अबुस्सुऊद यांनी लोकांची गरज आणि रूढ व्यवहार यांच्या आधारे त्याला मान्यता दिली. तेव्हा शास्त्र जागच्या जागी थिजलेले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

उलट इंग्लंडमध्ये दात्याचा शब्द फार लवचीक होता, असेही नाही. संस्थापकाच्या वंशजांना जागा राखून ठेवण्याची प्रथा ऑक्सफर्डच्या अनेक कॉलेजांत शतकानुशतके चालू राहिली. कुठे विशिष्ट परगण्यातल्या मुलांनाच प्रवेश, कुठे सदस्याने अविवाहितच राहिले पाहिजे, अशा अटींचे ओझे साचत गेले. १८५० मध्ये नेमलेल्या राजाज्ञा आयोगाने हे सारे उघड्यावर आणले, १८५४ च्या कायद्याने जुन्या नियमावल्या बदलण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि १८७७ च्या कायद्यानंतर श्रीमंत कॉलेजांना विद्यापीठाच्या सामाईक कामासाठी हातभार लावणे भाग पडले. माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. संसदेने संस्थापकांचे शब्द बदलले, पण त्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या नाहीत. बदलण्याचा अधिकार आणि घेऊन टाकण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या देशांत त्या वेगळ्या राहिल्या तिथे विद्यापीठांचे निधी वाचले.

हे वाचणे इंग्लंडच्याही नशिबात आधीपासून लिहिलेले नव्हते. आठव्या हेन्रीने मठ बुडवून त्यांच्या जमिनी घेतल्या, आणि १५४५ च्या कायद्याने कॉलेजेही त्याच्या तावडीत सापडली होती. विद्यापीठांनी राणी कॅथरिन पार हिच्याकडे धाव घेतली, कॉलेजांच्या उत्पन्नाची पाहणी झाली, आणि राजाने ती गिळण्याऐवजी १५४६ मध्ये केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेज स्थापन केले. फ्रान्समध्ये असे कोणी आडवे आले नाही. १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राची ठरली, १७९३ मध्ये जुनी विद्यापीठेच रद्द झाली, आणि त्यानंतरचे फ्रेंच उच्चशिक्षण सरकारी तिजोरीवर उभे राहिले. म्हणून पश्चिमेची एकच एक परंपरा आहे असे बोलणे मला चुकीचे वाटते. निधीच्या बाबतीत पॅरिसचे नशीब लंडनपेक्षा कैरोला अधिक जवळचे आहे.

कैरोत हा घाव इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने घातला. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने जमिनीची मोजणी करून शेतजमिनीचे वक्फ मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेतले आणि भरपाई म्हणून सरकारातून नेमणुका देण्याचे आश्वासन दिले. अल-अझहर या कैरोतील जुन्या विद्यापीठाचे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, त्यापूर्वी राज्यकर्त्यांना चार शब्द सुनावू शकत होते, कारण त्यांची चूल राज्यकर्त्याच्या कोठारातून पेटत नव्हती. आता ती तशी पेटू लागली. इस्तंबूलमध्ये १८२६ मध्ये वक्फांसाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले आणि उत्पन्न आधी त्या खात्यात, मग तिथून संस्थेकडे, अशी वाट सुरू झाली. वाटेत किती झिरपत असेल, हे सरकारी अनुदानाची वाट पाहणाऱ्या कोणाही मुख्याध्यापकाला विचारावे. इजिप्तमध्ये १९५२ च्या क्रांतीनंतर कौटुंबिक वक्फ रद्द झाले, आणि १९६१ च्या कायद्याने अल-अझहर पूर्णपणे सरकारच्या रचनेत गेले. तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या शाखा निघाल्या, मुलींसाठी दार उघडले, या चांगल्या गोष्टी झाल्याच. पण हजार वर्षांच्या संस्थेची शिदोरी तिच्या स्वतःच्या हातात राहिली नाही.

याच इजिप्तमध्ये या दोन वाटा एका स्त्रीच्या हातून एकत्र आल्या होत्या, आणि ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९०८ मध्ये कैरोत लोकवर्गणीतून एक आधुनिक विद्यापीठ सुरू झाले. शिकवण्याची रीत युरोपीय, अध्यापकांत युरोपातून आलेले प्राच्यविद्याविद, आणि पैसा मात्र कायम तोकडा. इजिप्तचे माजी राज्यकर्ते खेदिव इस्माईल यांची कन्या राजकुमारी फातिमा हिने आपल्या ३३५७ फेद्दान (एक फेद्दान म्हणजे साधारण एक एकर) जमिनीचा धर्मादाय वक्फ केला होता. त्यातल्या ६६१ फेद्दान जमिनीचे उत्पन्न तिने विद्यापीठाला लावून दिले, आणि इमारतीसाठी सहा फेद्दानांची जागा दिली. बांधकामाचा खर्च पुढे आला तेव्हा तिने आपले दागिने विकायला दिले आणि त्यांचे सुमारे अठरा हजार पौंड आले. दागिने इमारतीला आणि जमीन पगाराला, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. इमारत एकदा बांधून होते, तिला एकदाच येणारा पैसा चालतो. अध्यापकाला दर महिन्याला पगार लागतो, त्याला दर हंगामाला पिकणारी जमीन हवी. वक्फचे जुने शास्त्र आणि नव्या विद्यापीठाची गरज या बाईने एका दस्तऐवजात जुळवली. १९२५ मध्ये ते विद्यापीठ सरकारी झाले, आणि आज आपण त्याला कैरो विद्यापीठ म्हणून ओळखतो.

आपल्या देशात हाच प्रयोग बंगालमध्ये आधी झाला होता, आणि तो फार वेदनादायक रीतीने फसला. हुगळीचे हाजी मुहम्मद मोहसीन यांना मूलबाळ नव्हते. सावत्र बहिणीकडून आलेली सैदपूरची मोठी जमीनदारी त्यांनी १८०६ मध्ये वक्फ केली. उत्पन्नाचे नऊ वाटे करावेत, तीन धर्मकृत्यांना आणि इमामबाड्याला, दोन मुतवल्लींना, चार नोकरचाकरांच्या पगाराला आणि नेमणुकांना, असे त्यांनी लिहून ठेवले. १८१२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मुतवल्लींनी गैरकारभार केला म्हणून कंपनी सरकारने व्यवस्था हाती घेतली, खटला चालला, आणि तोवर शिल्लक साचत गेली. त्या शिलकीतून १८३६ मध्ये हुगळी कॉलेज उघडले. कॉलेज उत्तम चालले, बंकिमचंद्र चट्टोपाध्याय तिथे शिकले. पण तिथे शिकणाऱ्यांत मुसलमान मुले अगदी थोडी होती. ज्या समाजातल्या माणसाने आपली सारी दौलत देवाच्या नावाने लावून दिली, त्या समाजाला या पैशाचा लाभ जवळजवळ मिळत नव्हता. ही तक्रार चाळीस वर्षे धुमसत राहिली. शेवटी १८७३ मध्ये सरकारने तो निधी कॉलेजच्या खर्चातून मोकळा केला आणि ढाका, चितगाव आणि राजशाही येथील मदरशांकडे आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळवला.

मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण इथे कोणीही पैसा खिशात घातला म्हणून सरकारला दोष देता येत नाही. पैसा शिक्षणालाच लागला, आणि त्यातून बंगालची एक पिढी घडली. तरीही दात्याच्या शब्दाला जो धक्का बसला तो चोरीपेक्षा लहान नव्हता. उद्देश बदलताना ज्यांच्यासाठी निधी ठेवला त्यांना कोणी विचारले नाही, आणि बदलणारा हात त्या व्यवस्थेच्या पूर्णपणे बाहेरचा होता. ऑक्सफर्डमधल्या बदलाच्या वेळी कॉलेजांना आपली बाजू मांडता आली होती, नव्या नियमावल्या लिहिण्यात त्यांचा हात होता. हुगळीच्या लाभार्थींना तशी जागाच नव्हती.

निधीला आतून लागणारी वाळवी वेगळी असते, आणि ती मी माझ्या महाविद्यालयात दरवर्षी पाहतो. वार्षिक पारितोषिक समारंभात आम्ही पन्नासेक स्मृती पारितोषिके देतो. अमुक यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ मराठीत प्रथम येणाऱ्यास, तमुक यांच्या आईच्या स्मरणार्थ गणितात प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस. ठेवींच्या जाड नोंदवहीत पन्नास वर्षांपूर्वीच्या ५०१ रुपयांच्या ठेवी आहेत. त्या काळी व्याजातून दोन चांगली पुस्तके येत असत. आज त्याच ठेवीचे वर्षाचे व्याज पस्तीस रुपयांच्या आसपास भरते. मूळ एका पैशानेही कमी झालेले नाही, कोणी अफरातफर केलेली नाही, लेखापरीक्षकाचा शेरा स्वच्छ आहे, आणि तरी दात्याने जे द्यायचे ठरवले होते ते कधीच नाहीसे झाले आहे. मंचावर नाव पुकारले जाते, मुलगी पाकीट घेते, आणि त्या पाकिटातली रक्कम वाढवण्यासाठी आम्ही अध्यापक आपापसात वर्गणी काढतो.

हा प्रश्न इंग्रज कॉलेजांना सोळाव्या शतकात भेडसावला होता, आणि त्यांनी त्यावर काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. १५७६ च्या एका कायद्याने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या कॉलेजांनी आपल्या जमिनींच्या खंडाचा एक तृतीयांश भाग गव्हाच्या आणि माल्टच्या मापात ठरवावा, असे बंधन आले. रोख खंड पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला तरी धान्याचा भाव चढला की कॉलेजचे उत्पन्न चढू लागले. महागाईत कॉलेजे तगून राहिली यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. आजची अमेरिकी विद्यापीठे हीच गोष्ट शेअर, जमीन आणि खासगी उद्योगांतील गुंतवणुकीच्या रूपाने करतात. येल विद्यापीठात डेव्हिड स्वेन्सेन यांनी १९८५ पासून ही पद्धत घडवली. दरवर्षी निधीच्या सुमारे पाच टक्क्यांपर्यंतच खर्च करायचा आणि उरलेल्या वाढीने महागाई भरून काढायची, हा तिथला दंडक आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७४ मध्ये यामागचे तत्त्व मांडले. आजच्या मागण्यांपासून उद्याच्या विद्यार्थ्यांचे रक्षण करणे हे विश्वस्ताचे काम आहे, असा त्याचा आशय. खैबरच्या सल्ल्यातले मूळ म्हणजे जमीन होती, आणि जमीन आपोआप महागाईबरोबर चालत असे. रोख पैशाचे मूळ राखायचे तर ते वाढवावे लागते, एवढाच काय तो फरक.

अमेरिकेच्या या श्रीमंतीकडे मी आंधळ्या कौतुकाने पाहत नाही. ज्या येलचे नाव घेतले, त्या कॉलेजला हे नाव मिळाले ते एलिहू येल याने १७१८ मध्ये पाठवलेल्या मालाच्या नऊ गाठींमुळे आणि पुस्तकांमुळे. तो माल ५६२ पौंडांना विकला गेला, आणि एलिहू येलची संपत्ती मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आणि खासगी व्यापारात मिळवलेली होती. बाजारावर उभा असलेला निधी बाजाराबरोबर कोसळतोही. २००८ मध्ये सुमारे ३७ अब्ज डॉलर असलेला हार्वर्डचा निधी वर्षभरात २६ अब्जांवर आला, आणि तिथेही भरती थांबली, बांधकामे अडली. शिवाय राज्यकर्त्याचा हात तिकडेही पोहोचतोच. २०१७ मध्ये मोठ्या निधींच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसला, आणि २०२५ च्या कायद्याने सर्वांत श्रीमंत विद्यापीठांसाठी तो आठ टक्क्यांपर्यंत नेला. तरीही केंब्रिजमध्ये १५०२ साली लेडी मार्गारेट बोफर्ट हिने धर्मशास्त्राच्या अध्यासनासाठी जो पैसा लावून दिला, ते अध्यासन आजही भरलेले असते, हे मी विसरू शकत नाही. पाचशे वर्षांत ती जागा तासिका तत्त्वावर भरण्याची पाळी आली नाही. आपल्याकडे मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि पीएच.डी. झालेली, नेट-सेट उत्तीर्ण मुले तासाच्या हिशेबाने शिकवतात, सुट्टीत त्यांचे उत्पन्न बंद होते. हे रोज डोळ्यांसमोर असताना त्या अध्यासनाकडे केवळ इतिहास म्हणून पाहता येत नाही.

मुंबईने उच्चशिक्षणाला दिलेला पैसाही आठवावा. कापसाच्या तेजीत, १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. राजाबाई टॉवर आजही त्या शहराची ओळख आहे. जमशेटजी टाटा यांनी दुसरा मार्ग धरला. १८९८ मध्ये त्यांनी विज्ञानसंस्थेसाठी मुंबईतल्या आपल्या चौदा इमारती आणि चार जमिनी बाजूला काढल्या, आणि त्यांची किंमत तीस लाख रुपये होती. संस्था बंगळुरूला झाली, म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली, १९०९ च्या आदेशाने मिळकती संस्थेकडे आल्या, आणि मुंबईच्या भाड्यावर बंगळुरूची प्रयोगशाळा चालू लागली. ही रचना बू इनानियाच्या शिलालेखातल्या रचनेपासून दूर नाही. टाटांच्या पाठोपाठ आपल्या श्रीमंतांनी याच रीतीने भाडी आणि उत्पन्ने लावून दिली असती, तर चित्र वेगळे दिसले असते. आपल्याकडे देणगी येते ती सभागृहाला, प्रवेशद्वाराला, वर्गखोलीला. भिंतीवर नाव लागते, पगाराला नाव लागत नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आता एक कायम निधी उभारायचे ठरवले आहे आणि त्याच्या मसुद्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिले कलम असे आहे की या पैशातून बांधकाम करायचे नाही, फक्त शिकवणाऱ्यांचे वेतन आणि गरजू मुलांचे जेवण. दुसरे असे की उत्पन्नाचा एक ठरावीक भाग दरवर्षी मुद्दलात मिळवायचा, म्हणजे ५०१ रुपयांच्या ठेवीची गत होऊ नये. ही दोन्ही कलमे सर्वांना चटकन पटली. अडले आहे ते तिसऱ्यावर. पंचवीस वर्षांनी उद्देश बदलावा लागला तर तो अधिकार कोणाकडे असावा? संस्थेच्या कार्यकारिणीकडे असावा, असे काही देणगीदारांचे म्हणणे आहे, तर काहींना वाटते की आपण लिहिलेला शब्द कोणीच बदलू नये. मी असे सुचवले आहे की बदलाचा ठराव अध्यापक आणि आजी-माजी विद्यार्थ्यांच्या सभेने आधी मंजूर करावा, मग तो धर्मादाय आयुक्तांकडे जावा, आणि शब्द कसाही बदलला तरी निधी संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात वर्ग करता येणार नाही, हे वाक्य मात्र कोणालाही खोडता येऊ नये. पुढच्या महिन्यातल्या सभेत मला हुगळीची हकीकत पहिल्यापासून सांगायची आहे, आणि दाते कितीही घाईत असले तरी ती पूर्ण ऐकल्याशिवाय या कलमावर मत घेऊ नये, असा आग्रह मी धरणार आहे.